पायातला जीपीएस पट्टा आणि जिल्ह्याचा परिविक्षा अधिकारी: कैदेला पर्याय म्हणून कोण किती कामाचा

कैदेऐवजी दुसरं काय, असं विचारलं की हल्ली पहिल्यांदा घोट्याला बांधायच्या जीपीएस पट्ट्याचं नाव निघतं. परिविक्षेचं, म्हणजे दोषी ठरलेल्याला कैदेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचं, कोर्टातल्या बोलीत प्रोबेशनचं, नाव क्वचितच निघतं. खरं तर ती १९५८ पासून देशाच्या कायद्यात आहे आणि मुंबई इलाख्यात त्याही आधी, १९३८ च्या कायद्याने आलेली आहे. आरोपी, त्याचं घर, त्याचा वकील आणि ज्याचं नुकसान झालं तो फिर्यादी, या सगळ्यांच्या बाजूने दोन्ही सेवा तपासल्या तर आमचं मत असं: महाराष्ट्रात पैसा आणि माणसं आधी परिविक्षेवर लावायला हवीत. पट्ट्याला जागा आहे, पण ती लहान आहे. आणि परिविक्षा जिथे बिघडते तिथे कायद्याचा दोष फार कमी असतो. बहुतेक वेळा परिविक्षा अधिकाऱ्याचा एक अहवाल वेळेवर आलेला नसतो.

आधी ही सेवा कुणाला मिळते ते बघू, कारण इथेच सर्वांत जास्त गल्लत होते. १९५८ च्या परिविक्षा अधिनियमाच्या कलम ३ खाली आरोपीला फक्त ताकीद देऊन सोडता येतं. त्यासाठी गुन्हा जुन्या दंडसंहितेच्या ३७९, ३८०, ३८१, ४०४ किंवा ४२० कलमाखालचा, नाहीतर दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही असलेला हवा, आणि आधीची दोषसिद्धी नको. कलम ४ याहून खूप रुंद आहे. फाशी किंवा जन्मठेप ही शिक्षा नसलेल्या गुन्ह्यात, जास्तीत जास्त तीन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटका होऊ शकते, जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवाय. पहिलाच गुन्हा असावा ही अट कलम ३ मध्ये आहे, कलम ४ मध्ये नाही. तरीही ‘मागे एक केस आहे, प्रोबेशन मिळणार नाही’ असं आरोपीच्या घरच्यांना सर्रास सांगितलं जातं. आधीची केस न्यायाधीश विचारात घेतील, घ्यावीच. पण तिने दार बंद होत नाही.

कलम ६ एकवीस वर्षांखालच्यांसाठी आहे आणि ते सर्वांत भक्कम. गुन्ह्याला जन्मठेप नसेल तर कोर्टाने अशा मुलाला कैदेत पाठवायचंच नाही. कलम ३ किंवा ४ लावणं योग्य नाही असं वाटलं, तर परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून, कारणं लेखी नोंदवूनच कैद देता येते. एकवीस वर्षं कोणत्या तारखेला मोजायची याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने रामजी मिस्सर खटल्यात १९६३ च्या सुमारासच दिला आहे. गुन्ह्याची तारीख धरायची नाही. खालचं कोर्ट ज्या दिवशी शिक्षेचा विचार करतं तो दिवस धरायचा. त्यामुळे खटला लांबला की मुलगा कलम ६ च्या आसऱ्यातून आपोआप बाहेर पडतो. एकोणीस-वीस वर्षांच्या आरोपीच्या वकिलाने तारखा मागून घेणं म्हणजे त्याच्याच पायावर धोंडा पाडणं आहे.

कलम ३ मधले आकडे जुन्या दंडसंहितेचे आहेत. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते, म्हणून ३७९ च्या जागी ३०३(२), ३८० च्या जागी ३०५, ३८१ च्या जागी ३०६, ४०४ च्या जागी ३१५ आणि ४२० च्या जागी ३१८(४) वाचायचं. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम ८ प्रमाणे तसं वाचता येतं. अर्जात दोन्ही आकडे लिहावेत, म्हणजे सुनावणीत त्यावर वेळ जात नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात (कलम ३३) अठरा वर्षांवरच्यांना ही सवलत जवळपास नाहीच. कलम २६ आणि २७ चे गुन्हे तेवढे सुटतात. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १९ नेही अठरावरच्यांना दार बंद आहे. किमान शिक्षा असलेल्या गुन्ह्यांबाबत मात्र गैरसमज आहे. दंडसंहितेतलं किमान शिक्षेचं कलम असलं म्हणून परिविक्षा आपोआप बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पंजाबच्या एका प्रकरणात, कलम ३९७ च्या संदर्भात, स्पष्ट केलं आहे.

आता अहवाल. या सेवेचा जीव त्यात आहे. महाराष्ट्रात परिविक्षा अधिकारी महिला व बाल विकास विभागाकडे असतात, पोलिसांकडे किंवा तुरुंग खात्याकडे नाही, आणि हे चांगलं आहे. घरी येणारा माणूस खाकीत नसतो. शेजारी त्याच्याशी मोकळेपणाने बोलतात. अडचण अशी की बालकांच्या प्रकरणांतल्या सामाजिक तपासणीचं कामही परिविक्षा अधिकाऱ्यांनाच असतं, आणि बाल न्याय कायद्याने त्या अहवालाला पंधरा दिवसांची मुदत घातली आहे. प्रौढ आरोपीच्या अहवालाला १९५८ च्या अधिनियमात मुदतच नाही. टेबलावर दोन्ही कागद असतील तर मुदतीचा आधी उचलला जातो. प्रौढाच्या अहवालासाठी तारीख पडते, पुन्हा पडते, आणि तो कोठडीत असेल तर तेवढे दिवस आतच जातात. शेवटी न्यायाधीश ‘भोगलेली कैद हीच शिक्षा’ म्हणून प्रकरण मिटवतात. घरी सगळ्यांना हायसं वाटतं. पण ज्याला देखरेखीची, व्यसनमुक्तीची, कामाची गरज होती, तो यातलं काहीही न मिळता बाहेर पडतो.

यावर चालणारा उपाय असा. दोषी ठरवल्याचं सांगून कोर्ट शिक्षेच्या प्रमाणावर म्हणणं विचारतं, तेव्हाच लेखी अर्ज द्यायचा: कलम ४ किंवा ६, अहवाल मागवावा, अमुक तारखेपर्यंत. अर्जाला राहण्याचा पुरावा, मालकाची किंवा मुकादमाची चिठ्ठी, शाळा सोडल्याचा दाखला, औषधोपचाराचे कागद आणि भरपाई द्यायची तयारी असल्यास तिचा आकडा जोडायचा. कोर्टाचं पत्र टपालाने निघाल्यावर ते किती दिवसांनी पोचेल याचा भरवसा नाही. परवानगी घेऊन हातबटवड्याने जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात नेलं आणि आवक क्रमांक घेतला, की चौकशी खरोखर सुरू होते. अधिकाऱ्याला एक चालू मोबाइल नंबर, घराजवळची खूण आणि घरी कोण किती वाजता सापडेल हे कळवायचं. रोजंदारीवर जाणारं घर दुपारी बंदच असतं, आणि ‘घर बंद आढळले’ एवढ्या एका ओळीचा अहवाल अर्जाचं काम तिथेच संपवतो.

चांगला अहवाल कसा ओळखायचा? त्यात घरातली कमावती माणसं, कर्ज, शिक्षण कुठे सुटलं, दारू किंवा इतर व्यसन, आधीची वागणूक, शेजारी आणि मालक काय म्हणतात, गुन्हा कशातून घडला आणि पुढे कोणती देखरेख लागेल, हे सगळं येतं. ‘वर्तणूक समाधानकारक, परिविक्षेस हरकत नाही’ असा छापील साच्याचा अहवाल न्यायाधीशाला काहीच सांगत नाही. अहवाल कलम ७ प्रमाणे गोपनीय असतो. पण त्याचा सारांश आरोपीला सांगायला आणि त्यावर पुरावा द्यायची संधी द्यायला कोर्टाला मुभा आहे. प्रतिकूल अहवाल आला तर ही संधी मागून घ्यायलाच हवी. शेजारच्या जुन्या भांडणातून आलेलं मत अहवालात शिरलेलं असू शकतं.

दुसरी मोठी गळती पत्त्यावरून होते. कलम ४ म्हणतं की आरोपीला किंवा त्याच्या जामीनदाराला ठरावीक राहतं घर किंवा नियमित धंदा असावा. हे ‘किंवा’ नीट वाचायला हवं. आणि ते ठिकाण कोर्टाच्या हद्दीतच हवं असंही नाही. बंधपत्राच्या मुदतीत आरोपी जिथे राहण्याची शक्यता आहे ते ठिकाणही चालतं. ऊसतोड मजूर, फिरस्ते पारधी कुटुंब, नाका कामगार यांना ‘कायमचा पत्ता नाही’ म्हणून नाकारलं जातं तेव्हा या ओळीकडे बोट दाखवायचं. बीड जिल्ह्यातल्या गावाचा पत्ता आणि कोल्हापूरच्या कारखान्यावरचा हंगाम, दोन्ही अर्जात लिहावं. नाहीतर सहा महिने माणूस ‘पत्त्यावर नाही’ ठरतो आणि अटींचा भंग न करता भंगाच्या नोंदीत जातो.

सुटका झाल्यानंतर देखरेखीचा आदेश निघाला तर तो किमान एका वर्षाचा असतो. अटी आरोपीला समजावून सांगायच्या आणि आदेशाची प्रत आरोपी, जामीनदार आणि परिविक्षा अधिकारी या तिघांना लगेच द्यायची, असं कलमातच आहे. ही प्रत हातात घेतल्याशिवाय कोर्टातून निघू नये. अट मोडली तर कलम ९ चालतं: समन्स किंवा वॉरंट, मग मूळ गुन्ह्याची शिक्षा. पहिलीच चूक असेल तर बंधपत्र चालू ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंडावरही भागतं. रक्कम १९५८ ची आहे, पण तरतूद शहाणी आहे, कारण एका चुकलेल्या भेटीपायी माणूस आत जात नाही. उलट, वागणूक चांगली असेल तर अधिकाऱ्याच्या अर्जावरून कोर्ट मुदतीआधी बंधपत्र संपवू शकतं. कलम ८ मधली ही सोय फार कमी वापरली जाते. ज्याचं काम व्यवस्थित चालू आहे त्याला लवकर मोकळं केलं, तर अधिकाऱ्याचे तेवढे तास ज्याला खरी गरज आहे त्याला मिळतील.

कलम १२ बद्दल मात्र सावध राहायला हवं. दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता या कलमाने दूर होते, पण दोषसिद्धी पुसली जात नाही. सरकारी नोकरावर खातेनिहाय कारवाई होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगितलं आहे. नोकरीच्या अर्जात ‘कधी दोषी ठरवले गेले आहे का’ असं विचारलं असेल तर उत्तर ‘होय, अमुक कलमाखाली परिविक्षेवर सुटका’ असंच लिहायचं. लपवल्याने नोकरी जाते, ती वेगळ्या कारणाने.

कलम ५ खाली नुकसानभरपाई आणि खर्चही देता येतो. फिर्यादीच्या दृष्टीने ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. आरोपी आत बसला तर फिर्यादीच्या हातात बहुतेक वेळा काहीच पडत नाही. नव्या न्याय संहितेतली समाजसेवेची शिक्षा याच्या शेजारी ठेवता येते, पण ती मोजक्या सहा गुन्ह्यांनाच आहे. त्यांत पाच हजार रुपयांखालची पहिली चोरी, माल किंवा किंमत परत केली असेल तर, ही रोज लागणारी. दारू पिऊन सार्वजनिक जागी गोंधळ घालणं हाही त्या सहांतलाच.

परिविक्षेची एक मर्यादा मोठी आहे. ती दोषी ठरल्यावरच मिळते, आणि तुरुंग भरलेत ते कच्च्या, म्हणजे खटला अजून न संपलेल्या, कैद्यांनी. २०२२ अखेर देशात ४,३६,२६६ जागांवर ५,७३,२२० कैदी होते. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे. पट्ट्याची शिफारस करणारे याच आकड्यावर बोट ठेवतात: पट्टा बांधा आणि जामिनावर सोडा. पण बरेच कच्चे कैदी जामिनाचा आदेश हातात असूनही आत असतात, कारण रोख रक्कम नाही किंवा सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला, देणारा जामीनदार नाही. त्यांना पट्टा नको, जातमुचलका, म्हणजे जामीनदाराविना स्वतःच्या हमीवरची सुटका, हवी. केंद्राच्या २०२३ च्या गरीब कैद्यांसाठीच्या योजनेत जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली होती. पहिल्याच गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सोडण्याची तरतूद नव्या प्रक्रिया संहितेच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम ४७९ मध्ये आहे. या दोन्ही गोष्टींना ना बॅटरी लागते ना सिमकार्ड.

तरीही पट्टा नीट तपासू. घोट्याला बसणाऱ्या डबीत जीपीएस रिसीव्हर, मोबाइल मोडेम आणि बॅटरी असते. पट्ट्यातून तार किंवा प्रकाशतंतू जातो. तो कापला की नियंत्रण कक्षात सूचना जाते. याहून साधा प्रकार रेडिओ लहरींचा: घरात एक पेटी, पायात छोटा टॅग, आणि माणूस ठरलेल्या वेळी घरात आहे की नाही एवढंच कळतं. इंग्लंड-वेल्समध्ये जानेवारी १९९९ पासून मुदतीआधी सुटलेल्या कैद्यांची संचारबंदी अशाच टॅगवर पाळली जाते. घामातून दारू तपासणारा टॅगही तिथे आहे. तो दर अर्ध्या तासाने नमुना घेतो.

जीपीएस पट्टा मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरच्या फरकाने जागा सांगतो. उंच इमारतींमध्ये लहरी भिंतींवर आपटून येतात आणि फरक कित्येक मीटरनी वाढतो. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात सिग्नलच तुटतो. मजला त्याला कळत नाही. दहा बाय बाराच्या खोल्यांच्या चाळीत आरोपी आणि फिर्यादी एका भिंतीच्या अंतरावर राहत असतील, तर ‘फिर्यादीपासून लांब राहा’ ही अट या यंत्राला तपासताच येत नाही. मोबाइलची रेंज नसेल तर तो नोंदी साठवून नंतर पाठवतो, म्हणजे सह्याद्रीच्या घाटातल्या वाडीवर ‘आत्ता कुठे आहे’ हे आत्ता कळत नाही. जागा जितक्या वेळा नोंदवायची तितकी बॅटरी लवकर उतरते. रोज तास-दोन तास चार्जिंगला बसावं लागतं, आणि भारनियमनाच्या गावात ‘बॅटरी संपली’ ही सूचना वीज गेल्यामुळे आली की मुद्दाम, हे कक्षातल्या माणसाला ओळखता येत नाही. भातलावणीत दिवसभर चिखलात उभं राहणारा पाय, मधुमेह्याची घोट्याची जखम, अनवाणी चालणारा माणूस, यांचा विचार निविदेत कुणीतरी आधीच लिहून ठेवावा लागतो.

आणि सूचना आल्यावर जाणार कोण? या प्रश्नावर सगळं अडतं. खोट्या सूचना खूप येतात. काही आठवड्यांत कक्षातली माणसं त्यांकडे बघेनाशी होतात, आणि मग खरी सूचनाही त्यातच वाहून जाते. चोवीस तास फोन उचलणारा, आरोपीला ओळखणारा माणूस नसेल तर पट्टा फक्त नोंदवही ठरतो.

कायद्याची आजची स्थिती थोडक्यात. जम्मू-काश्मीर पोलिसांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये विशेष न्यायालयाच्या आदेशावरून जामिनावरच्या आरोपीला पट्टा बांधला. देशातला तो पहिला वापर. केंद्राच्या २०२३ च्या नमुना कारागृह अधिनियमाच्या कलम २९ मध्ये कैद्याची तयारी असेल तर पट्ट्याच्या अटीवर रजा देता येते, आणि भंग झाला तर रजा रद्द होऊन पुढची रजाही जाते. पण ८ जुलै २०२४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने, जामिनावरच्या परदेशी आरोपीने गुगल मॅपवर पिन टाकून आपली जागा कळवत राहावी, ही अट रद्द केली. जामिनावरच्या माणसाच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवू देणारी अट घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या खासगीपणाच्या हक्कात बसत नाही, असं त्या निकालाचं सूत्र आहे. त्यानंतर जामिनासाठी पट्टा सरसकट लावता येईल असं मानणं धोक्याचं आहे. रजेवरच्या पक्क्या कैद्याची गोष्ट वेगळी आहे. तो कैदीच असतो.

बिल कुणाच्या नावावर, हेही आधी विचारायला हवं. एल्गार परिषद प्रकरणातल्या एका ज्येष्ठ आरोपीला नोव्हेंबर २०२२ मध्ये नवी मुंबईत नजरकैदेची परवानगी मिळाली, तेव्हा पहाऱ्याच्या खर्चापोटी सुरुवातीलाच २ लाख ४० हजार रुपये भरायला सांगितले होते. मे २०२४ मध्ये जामीन देताना २० लाख. एवढे पैसे भरू शकणारा कैदी आपल्या तुरुंगात किती जणांत एक? अमेरिकेत कित्येक ठिकाणी पट्ट्याचं रोजचं भाडं तो घालणाऱ्याकडूनच घेतात, आणि भाडं थकलं की माणूस पुन्हा आत जातो. इंग्लंडमध्ये कंत्राटदारांनी मेलेल्या आणि पुन्हा तुरुंगात गेलेल्या लोकांच्या टॅगचेही पैसे लावल्याचं २०१३ मध्ये उघड झालं. एका कंपनीला ६.८५ कोटी पौंड आणि दुसरीला १०.८९ कोटी पौंड परत द्यावे लागले. आपल्याकडे निविदा निघाली तर चालू टॅगची यादी दर महिन्याला तुरुंग आणि कोर्टाच्या नोंदींशी ताडून पाहण्याची अट तिच्यात असावीच.

एवढं सगळं धरूनही पट्टा एका जागी घ्यावा असं वाटतं: संचित (फर्लो) आणि अभिवचन (पॅरोल) रजेसाठी. आज जामीनदार मिळत नाही, किंवा पोलिसांचा अहवाल ‘पळून जाण्याची शक्यता’ म्हणतो, म्हणून कैद्याला आईच्या शेवटच्या आजारातही घरी जाता येत नाही. अशा कैद्याने स्वतः तयारी दाखवली तर चौदा किंवा एकवीस दिवसांचा पट्टा त्याला घरी नेऊ शकतो. मुदत छोटी, माणसं मोजकी, पत्ता एक, म्हणून यंत्राच्या बहुतेक उणिवा इथे सहन होतात. पट्टा मोफत हवा, चार्जरची दुसरी प्रत तुरुंगातूनच मिळावी, आणि सूचना आल्यावर पोलिस गाडीच्या आधी फोन यायला हवा.

खालच्या कोर्टाने परिविक्षेचा विचारच केला नसेल, तर मुदत गेली असं समजू नये. कलम ११ प्रमाणे अपिलात किंवा पुनरीक्षणात सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालयही हा आदेश देऊ शकतं, आणि अहवाल तिथूनही मागवता येतो. नव्या प्रक्रिया संहितेच्या कलम ४०२ प्रमाणे, परिविक्षा देता येत असूनही नाकारली तर तिची खास कारणं निकालात लिहावी लागतात. निकालपत्राची प्रत मिळाली की आधी शेवटची दोन पानं उघडायची. तिथे कारणं नसतील, तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच.